कडेला कापलेला हात

हरिश्चंद्रगडावरचा आमचा एक फोटो आहे. कोकणकड्यावर आम्ही सातजण, मागे मावळता सूर्य, पाठीवर कोऱ्या सॅक. मूळ फोटोत डाव्या कडेला अर्धा हात होता, हातात पाण्याची कळशी. पाचनईहून आमच्याबरोबर चढलेल्या, रात्री पिठलं-भाकरी करून घालणाऱ्या बाईंचा. फोटो टाकताना आम्ही तो हात कापला. डोंगरावरच्या सगळ्यांना फोटोत आणि फिल्ममध्ये घेण्याच्या आमच्या चळवळीची सुरुवात त्या कात्रीपासून आहे.

डोंगराची रील बघा. माणसं तरुण, धडधाकट, बहुतेक पुण्या-मुंबईची. वस्तीतल्या खोलीत बसून ती बघणाऱ्या मुलीला कडा दिसतो, पण कड्यावर आपल्यासारखं कुणी दिसत नाही. 'हे आपलं नाही,' असं ती ठरवून टाकते. तिला कुणी नको म्हटलेलंच नसतं.

खरं तर डोंगर कधीच एवढा अरुंद नव्हता. कळसूबाई १,६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. नवरात्रात आसपासच्या गावांतल्या बायका लुगडं नेसून, कुणी अनवाणी, लोखंडी शिड्यांवरून देवीला जातात. त्यांना कुणी ट्रेकर म्हणत नाही. आपण एकदा जाऊन आलो की प्रोफाइलवर 'गिर्यारोहक' लिहितो. मे २०१८मध्ये चंद्रपूरच्या आश्रमशाळांतले पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टवर पोचले. त्यांचे चेहरे किती ट्रेकरांना आठवतात?

१९५३च्या एव्हरेस्टमाथ्यावरच्या प्रसिद्ध फोटोत तेनसिंग आहे. कॅमेरा हिलरीकडे होता, आणि त्याचा स्वतःचा तिथला फोटोच नाही. आमच्या सेल्फी-स्टिकला हे अजून जमलेलं नाही.

तर आमचं ठरलंय. फोटोखाली 'एक स्थानिक' लिहायचं नाही. विचारून नाव लिहायचं, आणि नको म्हटलं तर फोटोच नाही. वाटाड्याला वाट दाखवण्याचे पैसे वेगळे, चित्रीकरणाचे वेगळे. कॅमेरे गावातल्या-वस्तीतल्या पोरापोरींकडे राहतील, आणि संकलनही तेच करतील, कारण काय कापायचं हे तिथे ठरतं. काठीने पायरी चाचपणारा अंध गडी असो की गुडघे धरून बसलेली साठीची मावशी, कुणाचीही 'जिद्दीची कहाणी' करायची नाही. करुण पार्श्वसंगीताला सक्त मनाई. दमले तर दमलेले दाखवू, अर्ध्यातून परतले तर परतलेले.

फोटोने एसटीचं भाडं सुटत नाही, हेही कळतं. म्हणून वस्तीत चादर बांधून फिल्म दाखवली की तिथेच पुढच्या रविवारच्या चढाईसाठी नावं घ्यायची. भाडं वर्गणीतून, आणि वापरलेल्या पण टाचा शाबूत असलेल्या बुटांची एक पेटी सोबत.

पहिलं चित्रीकरण येत्या नवरात्रात, कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावातून.

पाचनईच्या बाईंकडेही जाऊन आलो. फोटोचं विचारलं तर म्हणाल्या, "भाकरी थापताना सगळेच काढत्यात. मला गडावरनं आमचं गाव काढायचंय." एक कॅमेरा त्यांच्याकडे ठेवून आलोय.