आमे, त्सुयु आणि आपला मृग

जपानीच्या एन-५ परीक्षेच्या शब्दयादीत 'आमे' असतो. आमे म्हणजे पाऊस. झालं पाठ, पुढचा शब्द! 'आ' उंच म्हटला तर पाऊस आणि 'मे' उंच म्हटला तर गोड गोळी, एवढी एक गंमत लक्षात राहते. जपानी कंपनीत नोकरी मिळावी म्हणून आपल्यातले बरेच जण ही भाषा शिकतात, त्यात वाईट काहीच नाही. पण पाऊस असा पाठ होतो का राव?

याच 'आमे'च्या चिन्हाआधी 'उमे' या आंबट फळाचं चिन्ह लावलं, की शब्द होतो 'त्सुयु'. उमे पिकतात तेव्हाचा, जून-जुलैचा पाऊस. नोट्समध्ये त्याचा अर्थ असतो 'रेनी सीझन', आणि आपण समजतो पावसाळा. इथेच घोळ आहे. त्सुयु साधारण दीड महिन्याचा, आणि तो संपला की तिकडे खरा उन्हाळा सुरू होतो. आपल्याकडे पाऊस आला की उन्हाळा संपतो! तिथली पोरं पाऊस थांबावा म्हणून पांढरी बाहुली खिडकीत टांगतात. आपल्याकडची पोरं पाऊस यावा म्हणून धोंडी मागत फिरतात.

माझं मत असं, की त्सुयु समजायचा तर तुलना नागझिऱ्याच्या आसपासच्या धानाच्या गावांशी करावी. (नागझिऱ्याच्या नावातच झिरा आहे, म्हणजे झिरपून आलेलं पाणी.) तिथे नुसता 'पाऊस' कोणी म्हणत नाही. ७-८ जूनला मृग लागतो, पऱ्हे टाकायची घाई होते. मग आर्द्रा. पुनर्वसूचा तो तरणा, पुष्याचा तो म्हातारा, आणि तोवर रोवणीला माणूस मिळत नाही. जुलैत कोअरमधली सफारी बंद असते, बांध्या मात्र भरलेल्या.

"आता मिलिमीटर मिळतात, नक्षत्रं कशाला?" असं काही मित्र म्हणतात. मला पटत नाही. "मृग कोरडा गेला" हे वाक्य म्हणजे रेफरन्स लाईनपासूनचं डेव्हिएशनच आहे. जपानचं हवामान खातंही दरवर्षी त्सुयु लागल्याची तारीख विभागवार सांगतं आणि ती सरासरीशी ताडून दाखवतं. ते खातं सॅटेलाईट वापरतं, तरी उमेच्या नावाचा शब्द त्याने टाकलेला नाही.

आपल्या वर्गातल्या किती जणांना आज कोणतं नक्षत्र चालू आहे ते सांगता येईल? घरी फोन लावून विचारा. आजी सांगेल, वाहन कोणतं तेही सांगेल.