सरळ करणारा डॉक्टर

परवा संध्याकाळी आमच्या जुन्या शेजारचे एक गृहस्थ घरी आले. बँकेतून निवृत्त झालेले, नाकासमोर चालणारे. चहा झाला, चकलीच्या भाजणीची चौकशी झाली, तरी उठण्याचे लक्षण दिसेना. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "सदरातून तुम्ही लोकांना सल्ले देता. एखादा चांगला डॉक्टर सांगा. आमच्या थोरल्याला सरळ करायचे आहे."

थोरला सव्वीस वर्षांचा, इंजिनिअर, पुण्याला नोकरीस. गणपतीत घरी आला तेव्हा त्याने आईवडिलांना समोर बसवून सांगितले, "मी मुलगा नाही, मुलगी आहे. लहानपणापासून मला हे ठाऊक आहे." आईने देव पाण्यात घातले. मामांनी कुठल्याशा उपचारकेंद्राचा पत्ता आणून दिला. तेथे महिनाभर ठेवून घेतात म्हणे!

"तो पत्ता खिशातच राहू द्या," मी म्हटले. "हा मुळी रोगच नाही. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची नवी यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात ही गोष्ट मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून टाकली आहे."

"रोग नाही, तर मग पोर इतके खचलेले का? जेवत नाही, झोपत नाही."

प्रश्न रास्त होता. त्याचे निदान एका उत्तराचा आधार अमेरिकेत सापडतो. तेथे २०१५ साली २७,७१५ प्रौढ ट्रान्सजेंडर व्यक्तींची पाहणी झाली. त्यांपैकी ज्यांनी आपले मन एखाद्या तज्ज्ञापाशी उघड केले होते, त्यांतील जवळजवळ पाचवा हिस्सा म्हणाला, की त्या तज्ज्ञाने आम्हांला बदलण्याचाच प्रयत्न केला. यालाच तिकडे कन्व्हर्जन थेरपी म्हणतात. अशांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नाची शक्यता इतरांच्या सव्वादोन पट आढळली. हे 'इतर'ही तज्ज्ञाकडे गेलेलेच होते, बरे का! फरक इतकाच, की त्यांना कोणी बदलू पाहिले नव्हते. दहा वर्षांच्या आत ज्यांच्यावर हा प्रयोग झाला, त्यांच्यात ही शक्यता चौपटीहून अधिक. बदलू पाहणारा डॉक्टर होता की धर्मोपदेशक, याने विशेष फरक पडला नाही. एका पाहणीने कार्यकारण सिद्ध होत नाही, हे मान्य. पण असे आकडे समोर असताना आपले मूल कोण त्या दारात नेईल?

आपल्याकडे तर ते दार कायद्यानेही लावून घेतले आहे. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यापुढे २०२१ साली एक प्रकरण आले. या विषयात आपल्याला पुरेसे कळत नाही असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले, समुपदेशकापुढे बसून तो समजून घेतला, आणि मगच निकाल दिला. अशा 'उपचारां'ना त्यात मनाई आहे. पुढे २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले, की असे उपचार करणे म्हणजे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन होय.

"मग मी करू तरी काय?"

"झोप येत नसेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे अवश्य जावे, पण झोपेसाठी, मनावरच्या ताणासाठी. सरळ करून घेण्यासाठी नव्हे. बरोबर तुम्हीही जा, दोन गोष्टी विचारा. आणि रात्रीअपरात्री जीव घाबरला, तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे. फोनला पैसे पडत नाहीत."

गृहस्थ बराच वेळ बशीकडे पाहत होते. मग खरे दुखणे बाहेर आले. "अहो, पण भाऊबीजेला धाकटीने ओवाळायचे कोणाला?"

"हे धाकटीला विचारलेत का?"

"विचारायचे काय? तिने ओवाळणीसाठी साडी आणून ठेवली आहे. मोरपंखी. म्हणते, ताईला हा रंग शोभेल."

यावर मी काय सल्ला देणार? डॉक्टर त्यांच्या घरीच होता. निघताना त्यांनी खिशातला पत्ता काढून टीपॉयवर ठेवला आणि न्यायला विसरले. मीही आठवण केली नाही.