माशी ओलीवर वाढते, बाईच्या आळसावर नाही

कोंबड्यांच्या खुराड्यात माशा झाल्या, विष्ठेत अळ्या वळवळायला लागल्या की दोष कुणाला दिला जातो? बाईला. 'हिला साफसफाई नको' असं सासू म्हणते, शेजारी म्हणतात आणि योजनेची पाहणी करायला आलेले साहेबही म्हणतात. मग पहिला उपाय सुचतो तो विषारी औषधाचा आणि दुसरा कोंबड्या विकून टाकण्याचा. या दोन्ही उपायांना आपला विरोध हवा, आणि ज्या आरोपातून ते निघतात त्या आरोपाला तर आधी.

स्त्रियांच्या त्रैमासिकात अळ्यांचा विषय कशाला, असं काही मैत्रिणींना वाटेल. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशभरात परसातली कोंबडीवर्गीय पाखरं सुमारे ३१ कोटी ७० लाख मोजली गेली. आधीच्या गणनेपेक्षा हा आकडा जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढला होता. या पाखरांना दाणा टाकणं, सांजेला कोंडणं, खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवणं हे काम गावोगाव मुख्यतः बायाच करतात. जमीन नवऱ्याच्या नावावर, दुधाचा हिशेब त्याच्या खात्यावर; अंड्यांचे पैसे मात्र तिच्या पदराच्या गाठीला. मुलीची वही, एस.टी.चं भाडं, स्वतःच्या दुखण्याची गोळी त्यातून निघते, आणि त्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. माशांच्या नावाखाली खुराडं मोडतं तेव्हा ही गाठ सुटते. म्हणून हा विषय आपला आहे.

आता माशीचं गणित पाहू. घरमाशी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि तिच्या छोट्याशा आयुष्यात अशा चार-पाच खेपा होतात. उन्हाळ्या-पावसाळ्याच्या उबेत एका दिवसात अंड्यातून अळी निघते, पाच-सहा दिवस खाते, मग कोरडी जागा शोधून कोष करते. अंड्यापासून माशीपर्यंतचा प्रवास आठ-दहा दिवसांत पुरा होतो. पण या सगळ्याला एक अट आहे, ती म्हणजे ओल. ताज्या विष्ठेत पाऊण हिस्सा पाणीच असतं. तीच विष्ठा सुकून भुगा झाली की अळी तिच्यात जगू शकत नाही.

अंड्यावरची एक कोंबडी दिवसाला साधारण शंभर ग्रॅम विष्ठा टाकते. योजनेतून वीस कोंबड्या आल्या तर झाली दोन किलो, त्यात दीड लिटर पाणी. हे पाणी झाडूने वाळत नाही. त्याला वारा लागतो, कोरडी जमीन लागते, न गळणारं छप्पर लागतं.

आणि खुराडं कुठे असतं? पुढचं अंगण पाहुण्यांसाठी आणि मोटरसायकलसाठी. खुराडं मागे, पागोळ्यांखाली, मोरीच्या सांडपाण्याशेजारी, स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटून. पत्रा गळका, कारण नवा पत्रा गोठ्यावर गेला. जागा ठरवली पुरुषांनी, पैसा कशावर खर्चायचा तेही पुरुषांनीच ठरवलं, आणि माशा झाल्या की विचारणा बाईला! समाजकार्याच्या अभ्यासात आम्हाला पहिला धडा मिळतो तो हा, की प्रश्नाचं मूळ माणसाच्या स्वभावात शोधण्याआधी त्याच्या परिस्थितीत शोधावं. गावात येणाऱ्या यंत्रणेला हा धडा कधी मिळणार? मी पाहिलेल्या कितीतरी प्रशिक्षण शिबिरांत लाभार्थी म्हणून नाव बाईचं असतं आणि खुर्चीवर नवरा बसलेला असतो. शिबिराची वेळ सकाळी अकराची. तेव्हा ती खुरपणीला गेलेली असते.

विषाचं तर बोलायलाच हवं. शेतासाठी आणलेलं कीटकनाशक खुराड्यात मारायचं, ही सर्रास पद्धत आहे. मारते बाई, हातात मोजे नाहीत, तोंडाला पदर, कडेवर पोर. डोकं गरगरणं, घाम सुटणं, तोंडाला पाणी सुटणं, नजर अंधुक होणं ही विषबाधेची लक्षणं 'उन्हाने झालं' म्हणून सोडून दिली जातात. माशा मारायला पूर्वी घरोघर वापरलं जाणारं डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून देशात पूर्ण बंद आहे. कुठल्या दुकानाच्या फळीवर ते अजून दिसलं तर ते बेकायदा आहे, हे बायांना ठाऊक असायला हवं. शिवाय विषाने माशांची अंडी-अळ्या खाणारे किडेही मरतात, आणि माशा मात्र काही पिढ्यांत विष पचवायला शिकतात. डीडीटीला दाद न देणाऱ्या घरमाश्या १९४० च्या दशकातच आढळल्या होत्या. आणखी एक गोष्ट : ज्या घरात भांडण आहे, मारझोड आहे, कर्ज आहे, तिथे विषाची बाटली हाताशी असणं म्हणजे काय, हे आपल्या केंद्रांत काम करणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

मग करायचं काय? खुराड्याची जमीन हातभर उंच करावी, पागोळ्यांचं आणि मोरीचं पाणी चर काढून वळवावं. दोन बाजूंना जाळी ठेवून वारा खेळू द्यावा. पाण्याचं भांडं विटेवर ठेवावं, म्हणजे कोंबड्या ते सांडत नाहीत. खाली भाताच्या तुसाची चार बोटं गादी घालून ती एक दिवसाआड दाताळ्याने खालीवर करावी. जिथे भिजली असेल तेवढीच काढून कोरडं तूस किंवा राख टाकावी. सगळी कोरडी गादी दर वेळी खरवडून काढायची गरज नाही. माशांचे शत्रू असलेले किडे तिच्यातच राहतात. पावसाळ्यात ओलं खत आठवड्यातून दोनदा काढलं की माशी व्हायच्या आधीच साखळी तुटते. काढलेलं खत उकिरड्यावर पसरू नये. कमरेएवढा ढीग करून कागदाने झाकावा. आतल्या उष्णतेने अळ्या मरतात. कडेच्या अळ्या वाचतात, म्हणून ढीग उलटा करावा. चुन्याची फक्की खुराड्याबाहेर ठीक. आत ओल्या गादीत मिसळली तर झोंबरा वायू सुटून कोंबड्यांचे आणि आपले डोळे चुरचुरतात.

कोंबड्या अळ्या आवडीने खातात, पण मेलेल्या कोंबडीवरच्या अळ्या त्यांना खाऊ देऊ नयेत. त्यांतून विषबाधा होऊन मान लुळी पडते आणि आपण तिला मानमोडी समजतो. घरमाशी खाल्ल्याने पट्टकृमीही होतात. मेलेलं पाखरू त्याच दिवशी खोल पुरावं.

यात अवघड असं काही नाही. पण चर खणणं, पत्रा बदलणं, ढीग उलटा करणं ही कामं पुन्हा बाईच्याच दिवसात कोंबायची असतील तर त्याला सुधारणा म्हणता येणार नाही. खत शेतात जातं, पीक त्याच्या नावावर विकलं जातं. मग दाताळं त्याच्या हातात का नको?

म्हणून पंचायत समितीपुढे आपण बचत गटांमार्फत मागण्या ठेवल्या पाहिजेत. पिल्लं द्यायच्या आधी उंच, कोरड्या, हवेशीर खुराड्याचे पैसे द्या, आणि जागा कोंबड्या सांभाळणारी बाई ठरवील. प्रशिक्षण संध्याकाळी, पाड्यावर, तिलाच द्या. बऱ्याच गावांत पशुसखी आहेत. त्यांना हे काम सोपवायचं तर त्याचा मोबदलाही द्या. आणि ग्रामसभेत कुणी माशांची तक्रार केली तर खुराडी बंद करण्याचा ठराव नको, गावाच्या गटारांचा आणि सांडपाण्याचा ठराव आधी आणा.

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी कुणी 'माशा किती झाल्यात' म्हणून नाक मुरडलं, तर मान खाली घालू नका. पत्रा कुठे गळतो ते त्याला दाखवा, आणि हातात फावडं द्या.