‘आमच्या वेळचं कार्टून वेगळंच होतं!’

परवा मामाने माझ्या मामेबहिणीला टीव्हीवर ‘डकटेल्स’ लावून दिलं. ती आठ वर्षांची, तो बेचाळीसचा. लावलं तिच्यासाठी, पण ऐसपैस मांडी घालून बसला तोच. तीन मिनिटंही झाली नसतील, तर त्याची कुरकुर सुरू. ‘हे काय? अंकल स्क्रूजचा कोट निळा असतो, लाल नाही. आणि ही पोरं अशी चौकोनी का दिसतायत? आमच्या वेळचं कार्टून वेगळंच होतं.’ यावर मामेबहिणीने टीव्हीवरची नजर न हटवता सांगितलं, ‘बाबा, गप्प बस ना, मला ऐकू येत नाहीये.’

हा सीन तुमच्याही घरी कधी ना कधी झाला असेल. ‘डकटेल्स’च्या जागी ‘पॉवरपफ गर्ल्स’ ठेवा, ‘ही-मॅन’ ठेवा नाहीतर ‘मोगली’. गेल्या दहा-बारा वर्षांत जुनी कार्टून्स नव्याने काढण्याची लाटच आली आहे. स्टुडिओचं गणित सरळ आहे: नवं नाव लोकांच्या तोंडी बसवायला वेळ आणि पैसा लागतो, जुनं नाव आधीच बसलेलं असतं. शिवाय रिमोट आणि पाकीट दोन्ही आई-बाबांच्या हातात असतं आणि ते ओळखीचं नाव बघून थांबतात. गंमत म्हणजे ज्यांच्या आठवणींच्या भरवशावर हा धंदा चालतो, तेच प्रेक्षक नवीन मालिकेवर सगळ्यात आधी तुटून पडतात. ‘बालपणाची वाट लावली’ हे वाक्य दर वेळी ठरलेलं. पण दर वेळी ते खरं असतं का? आणि नेमकं कोणाच्या बालपणाची वाट लागते?

कोट, चेहरा आणि आवाज

तक्रारींची क्रमवारी पाहिली तर चित्र पहिल्या नंबरावर असतं, कारण चित्र पोस्टरवरच दिसतं. त्यासाठी मालिका बघावी लागत नाही. ‘थंडरकॅट्स रोर’चंच घ्या. २०१८मध्ये तिची घोषणा झाली, गोलमटोल, विनोदी ढंगाची चित्रं लोकांनी पाहिली आणि शिव्या सुरू झाल्या. मालिका आली २०२०मध्ये. म्हणजे एकही भाग न बघता दोन वर्षं लोक तिच्यावर चिडलेले होते. पण त्याच ‘थंडरकॅट्स’ची २०११मध्येही एक नवी आवृत्ती आली होती, गंभीर, देखणी, मोठ्या चाहत्यांना आवडेल अशी. ती २६ भागांत आटोपली. तेव्हा चाहत्यांच्या मनासारखं चित्र काढलं की मालिका तरते, असंही काही नाही.

मामाच्या कोटाची गोष्ट तर आणखी मजेशीर. स्क्रूज हे पात्र कार्ल बार्क्स यांनी १९४७मध्ये कॉमिक्ससाठी तयार केलं. टीव्हीवरची ‘डकटेल्स’ आली १९८७मध्ये, चाळीस वर्षांनी, आणि निळा कोट हा त्या मालिकेतला. २०१७च्या मालिकेने लाल कोट घेतला तो कॉमिक्समधून. म्हणजे मामा ज्याला ‘नवीन फॅड’ म्हणत होता, ते त्याच्या ‘ओरिजिनल’पेक्षाही जुनं निघालं! हे मी त्याला सांगितलं. त्याने विषय बदलला.

दुसरी तक्रार आवाजाची, आणि ती मला जास्त रास्त वाटते. चित्र आपण बघतो, पण आवाजाशी आपली ओळख होते. १९९८मध्ये सुरू झालेल्या ‘पॉवरपफ गर्ल्स’चं २०१६मध्ये पुनरागमन झालं, तेव्हा ब्लॉसम, बबल्स आणि बटरकप या तिघींचे आवाज बदलण्यात आले. जुन्या बबल्सचा आवाज असलेल्या टारा स्ट्राँग यांनी त्याबद्दलची नाराजी जाहीरपणे व्यक्त केली होती. यातली खोच अशी, की खलनायक मोजो जोजोचा आवाज तोच ठेवला, मेयरचाही तोच. बदलल्या त्या नायिका. प्रेक्षकांना हे खटकलं, तर त्यात त्यांचं काय चुकलं?

पॉवरपफचं कुठे फसलं?

तरीही ‘पॉवरपफ’वरचा राग फक्त आवाजाचा नव्हता. मूळ मालिकेचा निर्माता क्रेग मॅक्रॅकन नव्या मालिकेत नव्हता. मेयरची हुशार सहायक मिस बेलम, जिचा चेहरा न दाखवणं हाच मूळ मालिकेतला नेहमीचा विनोद होता, ती नव्या मालिकेतून गाळली. पुढे तिघींना ब्लिस नावाची चौथी बहीणही मिळाली. आणि सगळ्यात जास्त टीका झाली ती मोबाइल, मीम आणि त्या वर्षी चालणाऱ्या विनोदांच्या भडिमारावर.

आता तुम्ही म्हणाल, जुन्या मालिकेत असले संदर्भ नव्हते का? होते की. तिचा एक अख्खा भाग बीटल्सच्या संदर्भांनी भरलेला आहे. पण २००१ साली तो बघणाऱ्या लहान मुलाला बीटल्स माहीत असण्याची गरज नव्हती. चार खलनायक एकत्र येतात, शहराला त्रास देतात, मुली त्यांना धडा शिकवतात, एवढ्यावर त्याचं भागत होतं. शेजारी बसलेल्या बाबांना वरचा विनोद बोनस. नव्या मालिकेत अनेकदा विनोद म्हणजेच संदर्भ होता. तो काढला की खाली फारसं काही उरत नव्हतं. आणि मीमचं आयुष्य किती असतं, हे तुम्हाला-मला वेगळं सांगायला नको. गेल्या वर्षीचं मीम आज ग्रुपवर टाकून बघा, लगेच कळेल!

‘आजच्या मुलांना आजचं लागतं’ या समजुतीतून हे सगळं झालं असावं. पण यात मुलांबद्दलचा एक अंदाज लपलेला आहे: की फोन दाखवल्याशिवाय ती बघणारच नाहीत. जुन्या मालिकेने मुलांबद्दल इतका हलका विचार केला नव्हता. मालिका २०१९मध्ये थांबली.

डकटेल्सला काय जमलं?

याउलट २०१७ची ‘डकटेल्स’. तिथेही चित्र बदललं, आवाज बदलले, पात्रांचे स्वभाव तर सरळसरळ बदलले. तरी पहिल्या धक्क्यानंतर जुन्या प्रेक्षकांतल्या अनेकांनी ती आपली मानली. का?

जुन्या मालिकेत ह्यूई, ड्यूई आणि लूई ही तिळी भावंडं ओळखायची ती कपड्यांच्या रंगावरून. तिघांचा आवाजही एकाच अभिनेत्रीचा, रसी टेलर यांचा. नव्या मालिकेत तिघांना तीन आवाज मिळाले आणि तीन डोकी मिळाली. एक पुस्तकी किडा, एक धाडसाची हौस आणि मिरवायची खाज असलेला, एक आळशी पण महाबिलंदर. बाहुली घेऊन ‘मलाही न्या ना’ म्हणत मागे फिरणारी वेबी आता मोहिमेत सगळ्यांच्या पुढे असते.

पण खरी कमाल पुढे आहे. जुन्या मालिकेत डोनाल्ड डक नौदलात जातो आणि भाच्यांना स्क्रूजकडे ठेवतो. भाचे म्हणजे बहिणीची मुलं. मग ती बहीण कुठे आहे? या पोरांची आई कुठे आहे? ही तिघं कॉमिक्समध्ये आणि पडद्यावर १९३०च्या दशकापासून आहेत. मूळ ‘डकटेल्स’चे तर १०० भाग झाले. पण आईची गोष्ट त्या मालिकेने कधी सांगितलीच नाही. नव्या मालिकेने पहिला अख्खा सीझन याच प्रश्नावर उभा केला. त्यांची आई, डेला, स्क्रूजने तिच्यासाठी बांधलेल्या यानातून अंतराळात गेली आणि हरवली. डोनाल्डने स्क्रूजला दोषी धरलं आणि दहा वर्षं त्याचं तोंड पाहिलं नाही. मुलांना हे कळतं तेव्हा तीही स्क्रूजवर उखडतात, आणि जगातलं सगळ्यात श्रीमंत बदक आपल्या एवढ्या मोठ्या हवेलीत एकटं उरतं.

लहान मुलांच्या कार्टूनमध्ये हे आहे, बरं का. घरात एखादं नाव घेतलं की मोठी माणसं गप्प का होतात, हे मुलांना कळत नाही, पण जाणवतं नक्की. मालिकेने त्यांच्या त्या जाणवण्याला मान दिला. आणि मामाच्या पिढीलाही अचानक लक्षात आलं, ‘अरेच्चा, हे आपण कधी विचारलंच नव्हतं!’

मला वाटतं, चांगल्या आणि फसलेल्या पुनरागमनातला फरक इथे आहे. ‘पॉवरपफ’ने जुन्या पात्रांच्या हातात नवा फोन दिला. ‘डकटेल्स’ने जुन्या गोष्टीत राहून गेलेला प्रश्न शोधला. प्रेक्षक बदल सहन करत नाहीत हा आरोप खोटा आहे. कशासाठी बदललं हे कळलं नाही, की मात्र ते चिडतात.

एका वर्षात दोन ‘ही-मॅन’

अर्थात प्रेक्षकांचंही सगळं बरोबर नसतं. २०२१मध्ये नेटफ्लिक्सवर एकाच वर्षात दोन ‘ही-मॅन’ आले. जुलैमध्ये आलेली ‘रेव्हलेशन’ जुन्या मालिकेची पुढची गोष्ट सांगणारी, म्हणजे तेव्हाच्या, आता मोठ्या झालेल्या मुलांसाठी. समीक्षकांनी तिचं कौतुक केलं. जुने चाहते मात्र भडकले, कारण ही-मॅन सुरुवातीलाच बाजूला पडतो आणि गोष्ट टीलाची होते. सप्टेंबरमध्ये आलेली दुसरी मालिका खरोखर लहान मुलांसाठी होती. तिच्यात तर रूप, शस्त्रं, सगळंच बदललेलं. पण तिच्यावर त्या मानाने फार कमी भांडण झालं. मुलांसाठी कोणी काय केलं याची चिंता असती, तर चर्चा दुसरीची व्हायला हवी होती. झाली पहिलीची. म्हणजे ‘मुलांचं कार्टून बिघडवलं’ असं आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा त्यातलं मूल आपणच असतो.

आणि जुनं सगळं सोनं होतं असंही नाही. १९८३च्या ‘ही-मॅन’च्या आधी, १९८२मध्ये, बाजारात आली होती ती त्याची खेळणी. मालिका त्या खेळण्यांवरून बेतलेली होती आणि तिच्यामुळे खेळणी खपत होती. प्रत्येक भागाच्या शेवटी एक बोधामृतही असायचं. तरी मुलांनी त्या जाहिरातीतून स्वतःची दुनिया उभी केलीच. म्हणून आजच्या मुलांना समोर येतं त्यातून काही बनवता येणार नाही, असं आपण आधीच ठरवून टाकू नये.

आपलं ‘ओरिजिनल’ कुठलं?

आपल्याकडे या वादाला एक देशी फोडणीही आहे. मामाची ‘डकटेल्स’ म्हणजे नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी लागणारी, हिंदी बोलणारी ‘डकटेल्स’. स्क्रूजचा मूळ आवाज अ‍ॅलन यंग यांचा होता, हे त्याच्या गावीही नाही. त्याच्यासाठी हिंदीतला स्क्रूज हाच खरा.

‘मोगली’चं तर विचारूच नका. आपल्या लाडक्या ‘जंगल बुक’ची मूळ मालिका जपानी, १९८९ची. दूरदर्शनवर ती आली तेव्हा तिला गुलजार यांचे शब्द आणि विशाल भारद्वाज यांचं संगीत असलेलं नवं शीर्षकगीत मिळालं आणि शेर खानला नाना पाटेकरांचा आवाज मिळाला. आज ‘जंगल बुक’ म्हटल्यावर बहुतेकांना पहिलं आठवतं ते गाणं, दुसरा नाना. दोन्ही जपानी मालिकेत नव्हते! २०१६मध्ये डिस्नेचा भव्य ‘जंगल बुक’ भारतात आला, तेव्हा एवढ्या मोठ्या कंपनीनेही हिंदी आवृत्तीत शेर खानसाठी पुन्हा नानांनाच बोलावलं आणि प्रसिद्धीसाठी तेच गाणं नव्याने करून घेतलं. हे कार्टून भारतात कोणाचं आहे, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

म्हणजे आपण ज्याला ‘ओरिजिनल’ म्हणून छातीशी धरतो, तेच मुळात बदललेलं, इथल्या कोणीतरी इथल्या मुलांसाठी जीव ओतून पुन्हा घडवलेलं होतं. तेव्हा बदल वाईट नव्हता. तो मन लावून केलेला होता, एवढंच.

म्हणून पुढच्या वेळी एखादं लाडकं कार्टून नव्या रूपात येईल, तेव्हा चिडायच्या आधी दोन-तीन भाग बघा. एखादं आठ-दहा वर्षांचं पोर शेजारी बसवा आणि त्याला मध्ये मध्ये जुन्या गोष्टी न ऐकवता बघू द्या. ते मध्येच उठून गेलं, तर तुमची तक्रार खरी. त्याने भाग संपल्यावर काही विचारलं, तर मालिका जमली.

मामेबहिणीने त्या दिवशी दोन भाग बघितले. मग टीव्ही बंद करून मामाला विचारलं, ‘बाबा, त्यांची आई कुठे आहे?’

मामाला उत्तर माहीत नव्हतं. रात्री जेवणं झाल्यावर दोघं पुढचा भाग लावून बसले होते. कोटाबद्दल तो काही बोलला नाही.