नकाराचा हिशेब

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात, जेथे सह्याद्रीच्या उतारावर महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती आहे, तेथे पदव्युत्तर शिक्षण घेतलेली मुले आता दुर्मिळ राहिलेली नाहीत. मंचर, घोडेगाव, ओतूर, जुन्नर येथील महाविद्यालयांनी ही पिढी घडविली. ही मुले पुण्याला मुलाखतीस जातात आणि बहुतेक वेळा नकार घेऊन परततात. त्या नकारानंतर त्यांचे काय होते, याचा विचार आपल्या चळवळीनेही फारसा केलेला नाही.

डिंभे धरणाच्या वरच्या अंगास असलेल्या एका गावातील माझा जुना विद्यार्थी मध्यंतरी भेटावयास आला. अर्थशास्त्रात एम. ए., गुण उत्तम. एका खाजगी संस्थेतील मुलाखतीत त्याला विषयावर एकच प्रश्न विचारण्यात आला. बाकीचे प्रश्न वडील काय करतात, जमीन किती, गावाला एसटी जाते की नाही, असे होते. पाच मिनिटांत सारे आटोपले. महिनाभर पत्र नाही. शेवटी यानेच फोन केला तेव्हा निवड झाली नसल्याचे कळले. प्रवासाचा आणि नव्या सदऱ्याचा खर्च आईने वेचलेल्या बाळहिरड्याच्या पैशांतून झाला होता. ‘सर, माझ्यातच काही कमी असेल,’ तो म्हणाला. नोकरी गेल्यापेक्षा या वाक्याने मी अधिक अस्वस्थ झालो.

श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशासंबंधीच्या अजय हासिया खटल्यात, 1980 साली, सर्वोच्च न्यायालयापुढे असाच प्रकार आला होता. दीडशेपैकी पन्नास गुण तोंडी परीक्षेला, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे, आणि प्रश्न आईबापांविषयी व राहत्या ठिकाणाविषयी असल्याची तक्रार. इतके गुण मुलाखतीला ठेवणे मनमानीचे आहे, असे न्यायालयाने ठरविले. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर सारख्याच पात्रतेचे अर्ज केवळ नावे बदलून खाजगी कंपन्यांना धाडले होते. दलित व मुस्लिम नावांच्या अर्जांना उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा कमी प्रतिसाद आला. उमेदवार दारात पाऊल टाकण्यापूर्वीच निवड सुरू झालेली असते.

अर्थात प्रत्येक नकारामागे अन्यायच असतो असे म्हणणे खोटे ठरेल. कधी दुसरा उमेदवार खरोखरच सरस असतो, कधी आपली तयारी कच्ची असते; ते मान्य करण्यात कमीपणा नाही. पण साधा हिशेबही विसरू नये. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. तेथे मुलाखत नव्हती, तरी एका जागेमागे दोनशेहून अधिक माणसे वगळली जाणार हे जाहिरात निघाली तेव्हाच ठरले होते. त्या दोनशे जणांनी आपापल्या घरी बसून स्वतःतील दोष शोधावेत, ही व्यवस्थेच्या फार सोयीची गोष्ट आहे. शहरात ‘सकारात्मक विचार’ शिकविणारे वर्ग याच सोयीवर चालतात, तेही फी घेऊन. (रोजगार हमीच्या कामावर आजही कोणी बापाचा धंदा विचारीत नाही. 1977 च्या त्या कायद्याने अकुशल मजुराला जो मान दिला, तो पदवीधराच्या वाट्याला आलेला नाही.)

त्या विद्यार्थ्याला मी दोनच गोष्टी सांगितल्या. मुलाखतीत विचारलेले प्रश्न त्याच रात्री वहीत उतरवावेत, आणि नकार आल्यावर गावात तोंड लपवून बसू नये. हिरड्याच्या झाडाखाली पुन्हा आईसोबत उभे राहण्यात पराभव नाही. चार महिने कोणाशी न बोलण्यात मात्र आहे. आता तो आणि त्याचे पाच-सहा मित्र घोडेगावात जमतात आणि वह्या ताडून पाहतात. वडिलांविषयीचा प्रश्न त्यांपैकी चौघांना आलेला आहे. एकाची मुलाखत शासकीय कार्यालयात झाली होती. आपले गुण व निवडीचे निकष कळावेत म्हणून माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्याखाली करावयाच्या अर्जाचा मसुदा त्याने मला दाखविला. त्यात ‘कृपया’ तीन वेळा होते. मी दोन काढावयास सांगितले.