विश्लेषण : छोटी ‘निळी’ सायकलवाट सोपी का नसते?

पुण्याच्या वेताळ टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना जाड टायरच्या सायकली नव्या नाहीत. ‘दोन-तीन किलोमीटरचीच तर वाट आहे’ असे म्हणून नवखेही उतारावर सायकल घालतात. पण डोंगरवाटेची काठिण्यपातळी लांबीवरून ठरत नाही. हे ध्यानात न घेतल्याचा फटका चालवणाऱ्याला बसतो, तसाच पायी फिरणाऱ्यांना आणि टेकडीलाही.

निळा चौकोन काय सांगतो?

अमेरिकेतील इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन ही संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली. तिने स्कीइंगच्या उतारांवरील खुणांच्या धर्तीवर सायकलवाटांची वर्गवारी केली. हिरवे वर्तुळ म्हणजे सोपी, निळा चौकोन म्हणजे मध्यम, तर काळा हिरा म्हणजे कठीण वाट. मध्यम वाटेची रुंदी किमान २४ इंच आणि सरासरी चढ-उतार १० टक्क्यांपर्यंत असतो, म्हणजे १०० मीटर अंतरात १० मीटर उंची. मात्र काही टप्प्यांत तो १५ टक्के किंवा त्याहून जास्त असू शकतो. न टाळता येणारे दगड किंवा मुळे ८ इंचांपर्यंत उंच असू शकतात. या निकषांत लांबी कुठेच नाही.

मग कस कुठे लागतो?

छोट्या वाटेवर चढ, दगड आणि वळण लागोपाठ येऊ शकतात, उसंत मिळत नाही. सुट्या मुरमावर वळताना पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक घसरते. म्हणून वेग वळणाआधीच कमी करायचा, उतारावर दोन्ही पेडल समांतर ठेवून सीटवरून किंचित उठायचे आणि नजर चाकावर न ठेवता पुढच्या वाटेवर ठेवायची. पहिली फेरी तर सावकाशच मारावी.

टेकडीचे नुकसान कसे होते?

टेकडीवरील पायवाटा सायकलींसाठी आखलेल्या नाहीत. सरळ खाली उतरणाऱ्या वाटेवरून पावसाचे पाणी वाहते, माती जाते आणि घळ पडते. चाक घासत ब्रेक मारल्याने माती आणखी सुटते, तर चिखल टाळण्यासाठी बाजूने सायकल काढली की वाट रुंदावते. म्हणूनच वाटेचा उतार डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त नसावा, असा आखणीचा साधा नियम आहे.

बंदी की आखणी?

सरसकट बंदी कागदावर सोपी. पण चहूबाजूंनी खुल्या टेकडीवर ती राबवणार कोण? त्यापेक्षा वनखाते आणि महापालिकेने टेकडीवर नेहमी येणाऱ्यांना सोबत घेऊन सध्याच्याच वाटांपैकी एखादी छोटी वाट निवडावी आणि खुणा कराव्यात. नवी वाट खोदू नये, ओल असताना ती बंद ठेवावी. खुणांमुळे गर्दी वाढेल, हा आक्षेप रास्त आहे. पण आज खुणा नसतानाही सायकली जातातच, आणि कुठूनही जातात. निकषांत बसणारी वाट सापडलीच नाही, तर मात्र त्या टेकडीवर सायकल नको, हेही स्पष्ट सांगावे.

वाट आखली तरी एक नियम बदलू नये : समोरून पायी कोणी आले, तर थांबायचे सायकलवाल्यानेच.