‘असू द्या’ नावाची गोळी

माझ्या प्रिस्क्रिप्शनवर सात गोळ्या होत्या. सहा कशासाठी ते मला पाठ होतं. सातवीबद्दल विचारलं की डॉक्टर कागदावरून नजर न उचलता म्हणायचे, “ती रक्त पातळ व्हायची. असू द्या.”

असू द्या! जुनी छत्री असू द्या, श्रीखंडाचा रिकामा डबा असू द्या, तसं हे ७५ मिलिग्रॅम अॅस्पिरिनही असू द्या. चार वर्षं मी ते असू दिलं. रात्री जेवणानंतर, न चुकता, सत्यनारायणाच्या तीर्थाइतक्या श्रद्धेनं.

ओळख करून देतो. मी किडनीवाला. वय ६४, क्रिएटिनिन २.१, जीएफआर ३४. शास्त्रीय भाषेत किडनीविकाराचा तिसरा टप्पा, ‘ब’ वर्ग. ऐकायला रेल्वेच्या डब्यासारखं वाटतं आणि प्रवासही तसाच आहे. पुढची स्टेशनं सगळ्यांना ठाऊक, पोचायची घाई कुणालाच नाही.

आता पहिली गोष्ट. रक्त पातळ वगैरे काही होत नाही. पाहुणे वाढले म्हणून पाणी घालून वाढवायला रक्त म्हणजे आमटी नव्हे. अॅस्पिरिन प्लेटलेट नावाच्या चिमुकल्या कणातलं एक विकर कायमचं निकामी करते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे नवं विकर बनवायची सोय नाही. मग आठ-दहा दिवसांच्या आयुष्यातले उरलेले दिवस ती बिचारी चिकटायचं विसरून हिंडते. अॅस्पिरिन नेमकं काय अडवते हे उलगडून दाखवणाऱ्या जॉन व्हेन यांना १९८२ मध्ये नोबेल मिळालं. आमच्या कट्ट्यावर अजून आमटीच शिजते आहे.

किडनीवाल्याची गंमत याहून न्यारी. आमच्या धमन्यांत चुना साचतो, म्हणून हार्ट अटॅकचा धोका चारचौघांपेक्षा जास्त. किडनीनं न फेकलेला कचरा रक्तात फिरतो, त्यानं प्लेटलेट्स आधीच सुस्तावलेल्या, म्हणून रक्तस्रावाचा धोकाही जास्त. तुंबणं आणि गळणं एकाच देहात सुखानं नांदतात, जुन्या वाड्यातल्या नळांसारखे. अशा नळाला कुणी हात लावण्याआधी चार वेळा विचार करील की नाही? छे! असू द्या.

मग माझं हिमोग्लोबिन उतरायला लागलं. अकरा, दहा, साडेनऊ. “किडनीवाल्यांचं होतंच,” असं सांगून लोहाची गोळी वाढवली गेली. लोहानं शौचाला काळं होतं. पोटात हळूहळू रक्त झिरपलं तरी काळंच होतं. म्हणजे चोर आणि पहारेकरी एकाच रंगाच्या गणवेशात! सहा महिने आम्ही वरून लोह ओतत होतो आणि खालून रक्त गळत होतं. पुलाच्या ठेकेदारालाही इतकं सुबक काम जमत नाही. शेवटी एन्डोस्कोपीत जठरातला व्रण दिसला. डॉक्टर म्हणाले, “अरेच्चा.” हे ‘असू द्या’चं उत्तरकांड.

नेफ्रॉलॉजिस्टबाईंनी फाइल उघडली आणि तीनच प्रश्न विचारले. “अटॅक आलाय?” नाही. “स्टेंट, बायपास?” नाही. “लकवा?” नाही. “मग ही कोणी दिली?” आणि ती बंद झाली.

अख्खी ग्यानबाची मेख त्या ‘मग’मध्ये आहे. एकदा अटॅक येऊन गेलेल्याला, स्टेंट असलेल्याला ही गोळी जीवदान आहे. ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेची किडनीवाल्यांसाठीची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वंही अशांना ती द्या म्हणतात. पण काहीच झालेलं नसताना, होऊ नये म्हणून? २०१८ मध्ये ‘असेंड’ चाचणीचे निकाल आले. पंधरा हजारांवर मधुमेही, सात वर्षांहून जास्त काळ. गंभीर झटके ९.६ टक्क्यांवरून ८.५ वर आले, आणि मोठा रक्तस्राव ३.२ वरून ४.१ वर चढला. हजारात अकरा जण तरले, नऊ जण रक्तानं माखले. फिटंफाट! त्याच वर्षी ‘अॅस्प्री’नं एकोणीस हजार धडधाकट म्हाताऱ्यांत पाहिलं: आयुष्य सुधारलं नाही, रक्तस्राव तेवढा वाढला. २०२२ मध्ये अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळानं सांगून टाकलं, साठीनंतर प्रतिबंध म्हणून ही गोळी नव्यानं सुरू करू नका. आमच्याकडे मात्र साठी झाली की शांत करतात आणि अॅस्पिरिन सुरू करतात.

आणि किडनीवाल्यांचं काय? हृदयाच्या कितीतरी चाचण्यांत आम्हाला दारातच अडवतात. तुमचे आकडे निकाल बिघडवतात म्हणे! आम्हाला वगळून निकाल काढायचा आणि मग तो आमच्याच गळ्यात मारायचा. ‘हॉट’ नावाच्या जुन्या चाचणीची वही २०१० मध्ये पुन्हा चाळली, तेव्हा बऱ्याच खालावलेल्या किडनीवाल्यांना या गोळीचा फायदा जास्त झालेला दिसला. पण माणसं मूठभर, आणि रक्तस्रावही जास्त. शेवटी याच एका प्रश्नासाठी ब्रिटनला हजारो किडनीरुग्णांची स्वतंत्र चाचणी हाती घ्यावी लागली. तिथे प्रश्न, इथे उत्तर तयार.

आता दुसरं टोक. आमच्या तळजाईच्या कट्ट्यावर एक धन्वंतरी आहेत. माझी कथा ऐकून गरजले, “तरी सांगत होतो, अॅस्पिरिन किडनी खाते!” अहो, ७५ मिलिग्रॅमनं माझ्या पोटाला भोक पाडलं, किडनीला नव्हे. एवढासा डोस किडनीचं सहसा फारसं बिघडवत नाही. पण हेच गृहस्थ गुडघ्यासाठी रोज दोन डायक्लोफिनॅक चघळतात, वर कुठल्याशा भस्माची पुडी. डायक्लोफिनॅक दिलेली मेलेली गुरं खाऊन या देशातली गिधाडं किडन्या निकामी होऊन मेली. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. धन्वंतरींना काही झालेलं नाही. गिधाडांपेक्षा चिवट म्हणायचे.

ही कथा इथेच संपवणार होतो. पण परवा आमच्या नानांचा फोन आला. नानांना गेल्या दिवाळीत दोन स्टेंट बसले. म्हणाले, “तुझं ऐकून मीही ती गोळी बंद केली बुवा. दहा दिवस झाले. एकदम हलकं वाटतंय.”

माझ्या हातातला चहा सांडला. म्हटलं, “नाना, माझी बंद झाली कारण मला स्टेंट नाहीत. तुम्हाला दोन आहेत, दोन! तुमच्या हार्टवाल्याला आत्ता फोन करा आणि दहा दिवस बंद होती हे सांगा.”

पलीकडून शांत आवाज आला, “रात्रीचे नऊ वाजलेत. असू द्या, सकाळी बघू.”

फोन ठेवला आणि रिक्षा पकडली. साडेनऊला मी नानांच्या दारात होतो.